भिंतीवरची गुलाबी अळी

मी भुतांच्या कारखान्यात काम करतो. घाबरू नका, पगारपत्रकावर तसं लिहिलेलं नाही. तिथं ‘एन्व्हायर्नमेंट आर्टिस्ट’ असं काहीतरी भारदस्त आहे. व्हिडिओ गेम खेळताना ज्या ओसाड गल्लीतून, ज्या पडक्या गोदामातून तुम्ही जीव मुठीत धरून चालता, ती गल्ली आणि ते गोदाम कोणीतरी बसून रंगवलेलं असतं. तो कोणीतरी म्हणजे मी. बंदूकवाला हिरो दुसरा कोणी घडवतो, राक्षस तिसरा कोणी. माझ्या वाट्याला भिंती आल्या. माझ्या बापाच्या वाट्यालाही भिंतीच आल्या होत्या.

बाबा वऱ्हाडातल्या अमडापूरचे पेंटर. दुकानांच्या पाट्या, लग्नघराच्या भिंतीवरचा गणपती, ट्रॅक्टरच्या मागचं ‘आईचा आशीर्वाद’, जे येईल ते. मग कपाशीचं ते नवं बियाणं आलं, ज्याला म्हणे अळी लागतच नव्हती. ज्या त्या कंपनीला गावोगावी भिंती हव्या झाल्या, आणि आमच्या घरात रंगाचे डबे ठेवायला जागा उरेना. मी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचा होतो, कॉलेजात दोनदा नापास होऊन बाबांच्या हाताखाली लागलेला. उन्हाळा म्हणजे आमचा मोसम. पेरणीच्या आधी भिंती उभ्या राहिल्या पाहिजेत, म्हणून एप्रिल-मे आम्ही शिडीवरच काढायचो.

एवढ्या भिंती दोन माणसांनी करायच्या तर त्याला एकच उपाय, खाका. जाड कागदावर बोंडाचं चित्र काढायचं, त्या रेघेवर सुईनं भोकं पाडायची, कागद भिंतीला धरायचा आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी त्यावर थोपटायची. कागद काढला की भिंतीवर ठिपक्यांचं बोंड. मग फक्त रंग भरायचा. हिरवी जमीन, त्यावर दोन हात रुंदीचं पांढरंशुभ्र उमललेलं बोंड, आणि खाली ओळ: ‘बोंड असं की ओंजळ पुरेना’. ही ओळ माझी. माझं पहिलं प्रकाशित साहित्य म्हणायला हरकत नाही.

त्याच पहिल्या उन्हाळ्यातली गोष्ट. बाबा लुनावर रंग आणि खाका घेऊन पिंपळगाव राजा या गावाच्या पलीकडं दोन दिवस आधीच गेले होते. चित्रं ते करणार आणि अक्षरं मी, असं ठरलेलं. माझ्या समजुतीप्रमाणं तिकडं एकाच गावात एकच भिंत व्हायची होती. मी जीपनं फाट्यावर उतरलो आणि कच्च्या रस्त्यानं चालू लागलो. बारा वाजून गेलेले. आमच्याकडं बाया लेकरांना सांगतात, बारा वाजता बाहेर हिंडू नको, ती त्यांची वेळ असते. ‘त्यांची’ म्हणजे कोणाची ते कोणी सांगत नाही. मीही हसण्यावारी नेत असे. पण मे महिन्यातली ती वेळ एकदा अनुभवा. वारा पडलेला असतो. माणूस नाही, कुत्रं नाही. उपटून रचलेल्या कपाशीच्या पऱ्हाटीचे ढीग दारोदारी, वाळून काळे पडलेले. स्वतःची सावली पायात गोळा झालेली, जणू तिलाही पुढं यायचं नाही.

गाव आलं. हातपंप, त्यामागं लिंब, लिंबामागं भिंत. भिंतीवर आमचं बोंड, रंग अजून ओला. आणि भिंतीच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, पाठ टेकून एक म्हातारी बसलेली. गुडघे वर, हिरवट लुगड्याचा पदर डोक्यावरून पुढं ओढलेला, एक हात जमिनीला.

“कोनाचा व्हय रे तू?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, “पेंटर कोठी गेले, आजी?”

तिचं लक्ष माझ्या तोंडाकडंच. बाबा दिसेनात, लुना दिसेना. वाटलं पुढं कुठं सावलीला बसले असतील. मी चालत राहिलो. शेतातून वाट, मग उतार, मग कोरडा नाला. अर्धा-पाऊण तास झाला असेल. गाव आलं. हातपंप, त्यामागं लिंब, लिंबामागं भिंत. भिंतीवर आमचं बोंड. तळाशी डाव्या कोपऱ्यात म्हातारी.

“कोनाचा व्हय रे तू?”

तुम्ही चकव्याचं ऐकलं असेल. माणूस सरळ चालतो आणि फिरून त्याच जागी येतो. मीही शंभरदा ऐकलं होतं, दहाबारा वेळा तर रंगवून सांगितलंही होतं. पण सांगणं वेगळं, लागणं वेगळं. मी पळालो. भर उन्हात, हातात ब्रशांची पिशवी, पायात प्लास्टिकची चप्पल. नाला ओलांडला, एका ज्वारीच्या मोकळ्या वावरातून आडवा गेलो, मुद्दाम उलट्या दिशेनं. आणि गाव आलं. हातपंप, लिंब, भिंत, बोंड. मी तिच्याकडं पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाहिलंच.

“कोनाचा व्हय रे तू?”

माझ्या तोंडून आपोआप बाबांचं नाव निघालं. पूर्ण, आडनावासकट, वर गावाचं नाव. तिनं मान हलवली की नाही मला सांगता येत नाही. पण भिंतीच्या कोपऱ्यामागून लुनाची फटफट ऐकू आली आणि बाबा समोर उभे राहिले, कपाळाला रंग लागलेला.

“काऊन बे, तोंड काऊन पांढरं पडलं?”

मी म्हटलं, चकवा. एकाच गावात तिसऱ्यांदा आलो. बाबा खाली बसून हसले, लुनाचं हँडल धरून हसले. मग डोळे पुसत म्हणाले, “तीन गावं हायेत लेका! तीन भिंती केल्या म्या दोन दिवसांत. खाका एकच, मंग भिंत एकच दिसन नाही तं काय?”

खुलासा झाला. तिन्ही गावांत हातपंप होता, तिन्ही गावांत लिंब होता, कुठल्या गावात नसतो? म्हातारीबद्दल मी विचारलं नाही. तीन गावांत तीन म्हाताऱ्या असू शकतात. हिरवं लुगडंही तिघींचं असू शकतं. एवढ्या शरमेनंतर आणखी एक प्रश्न विचारायची माझी तयारी नव्हती.

पण बाबा दिसतात तेवढे हसरे नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी खाक्याचं बोंड रंगवलं आणि मग गुलाबी रंगाच्या डब्यात बारका ब्रश बुडवून, पाकळीच्या कडेला, बोटाच्या पेराएवढी एक अळी काढली. पुढच्या गावात देठाजवळ. त्यापुढच्या गावात ओळीतल्या ‘ओंजळ’च्या टिंबावर.

“भिंत वळखता आली पायजे,” ते म्हणाले. “माणूस भलत्या गावात नाही गेला पायजे. अन् एवढं गोमटं बोंड, नजर लागन त्याले. काही तं खोट पायजे.”

“पण बाबा, अळी? अळी न लागणाऱ्या बियाण्यावर?”

“मंग काय माकड काढू?”

“गुलाबी काऊन पण?”

“हिरव्यावर हिरवी दिसते का बे? अन् लग्नाचा गुलाबी उरेल हाय.”

अशी ती गुलाबी अळी जिल्ह्याच्या भिंतींवर चढली. धाडच्या बाजाराच्या रस्त्यावर एक होती, चिखलीच्या वाटेवर कितीतरी. कंपनीच्या साहेबांना दोन मोसम काही दिसलंच नाही. तिसऱ्या मोसमाला एका साहेबांनी गाडी थांबवली, गॉगल काढला आणि भिंतीला नाक लावलं.

“पेंटर, ही अळी आहे? आमच्या जाहिरातीत?”

बाबा हात जोडून म्हणाले, “साहेब, मेलेली हाय. डोळे मिटेल हायेत पाहा.”

साहेबांनी खरोखर वाकून डोळे पाहिले. भिंत पास झाली.

ती वर्षं अशी हसतखेळतच गेली असं मी सांगू शकलो असतो. पण शिडीवर उभ्या माणसाला गाव वरून दिसतं. पहिल्या वर्षी भिंत मागायला गेलो की घरधनी चहा पाजायचा, वर विचारायचा, कोणतं बियाणं घेऊ? चारपाच वर्षांनी तेच घरधनी नुसते बाजेवर बसून पाहायचे. मग दारांना कुलपं दिसू लागली. एका भिंतीचा मालक पुढच्या मोसमात नव्हताच. बाबा त्या भिंतीसमोर लुना थांबवून उभे राहिले आणि खाका न सोडता परत फिरले. तिच्यावर ते पुन्हा कधी चढले नाहीत. बोंड मात्र होतं तिथंच, उमललेलं, अळीसकट. तेलरंग फार वर्षं टिकतो.

मग फ्लेक्स आला आणि आमचा धंदा एका उन्हाळ्यात बसला. मी चिखलीला फ्लेक्स छापायचं दुकान टाकलं, संगणकावर पुढाऱ्यांचे गाल गोरे केले, दाढ्या कोरल्या. त्यात कधीतरी एका गिऱ्हाइकानं मोबाइलवर एक गेम दाखवली. एक माणूस रिकाम्या गावातून चालतो आहे, एवढंच. मी माणसाकडं पाहिलंच नाही, भिंतींकडं पाहत राहिलो. पोपडे, ओल, गंजाचे ओघळ. म्हटलं, हे कोणी रंगवलं? गिऱ्हाईक म्हणालं, असते ना त्याची नोकरी. माझं वय तेव्हा तेहेतीस. दुकान एका पावण्याला देऊन टाकलं आणि पुण्याला शिकायला गेलो.

क्लासमध्ये मी सगळ्यांत थोराड. बाकीचे विशीचे. पहिल्याच दिवशी मला ‘काका’ पदवी मिळाली, ती अजून आहे. मी तोंड उघडलं की मागच्या बाकावर खसखस पिकायची. एकदा सरांना म्हणालो, “सर, माह्यावाला कम्प्युटर हँग होऊन राह्यला,” तर ते वाक्य आठवडाभर जिन्यात घुमत होतं. मीही मग मुद्दाम जास्त वऱ्हाडी बोलायचो. नाटकात विनोदी पात्राला जेवण चांगलं मिळतं.

पण शिकवायचे ते भयंकर होतं. खरं सांगतो. आधी संगणकावर माणूस बनवायचा, करडा, डोळ्यांच्या जागी खाचा. मग त्याचं कातडं शिवणीवर कापायचं, सोलायचं आणि पाटावर पापड वाळत घालावेत तसं सपाट पसरायचं. चेहरा इथं, पाठ तिथं, दोन्ही तळहात कोपऱ्यात. त्यावर रंगवायचं आणि पुन्हा अंगावर चढवायचं. रंगवताना चुकलं तर ओठ मानेवर येतात. वीस पोरं एका खोलीत, भर दुपारी, न बोलता कातडी रंगवत बसलेली. गावी कोणी आम्हाला पाहिलं असतं तर मांत्रिक बोलावला असता.

भिंतींचं मात्र मला शिकवावं लागलं नाही. भिंतीचं तंत्र असं: हातभर चौकोन रंगवायचा, त्याला टाइल म्हणतात. तो असा रंगवायचा की शेजारी शेजारी लावला तरी जोड दिसू नये. संगणक तोच चौकोन हजारदा चिकटवून अख्खी इमारत उभी करतो. सरांनी हे समजावलं तेव्हा वर्गात मी एकटाच हसलो. खाकाच तो! भोकं नाहीत एवढंच.

वर्षभरानं एका स्टुडिओत लागलो. लागलो म्हणजे तीन महिने पारखून बघणार, पटलं तर ठेवणार. काम परदेशी गिऱ्हाइकाचं, भुताची गेम. खेळणारा एका ओसाड गोदामात अडकतो, हातात काही नाही, बाहेर पडायचं एवढंच काम. गोदामाचे बोळ आणि भिंती माझ्याकडं. गिऱ्हाइकाची अट एकच: माणूस घाबरला पाहिजे, पण पंधरा मिनिटांत बाहेरही पडला पाहिजे. त्याहून जास्त अडकला तर तो गेमच बंद करतो.

मला गोदाम द्या! मी ओल रंगवली, पोपडे रंगवले, चुन्याखालून डोकावणारी माती रंगवली. आमच्या लीड मॅडम पुण्याच्या, वयानं माझ्याहून पाच वर्षं लहान, बोलणं असं स्वच्छ की चहा मागितला तरी स्तोत्र वाटावं. त्यांनी टाइल पाहिली आणि म्हणाल्या, “काका, ही भिंत वास मारते. छान आहे.” तिसरा महिना संपत आला होता. मी मनातल्या मनात कायम झालो होतो.

मंगळवारी दुपारी टेस्टरनं, म्हणजे गेम खेळून चुका शोधणाऱ्यानं, पहिल्यांदा अख्खं गोदाम चालून पाहायला घेतलं. आमचा टेस्टर म्हणजे सहा फुटी गडी, दिवसभर मुडदे पाहत डबा खाणारा. दहा मिनिटं झाली, वीस झाली. तो बाहेर येईना. मग त्यानं कानावरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि खुर्ची मागं सरकवली.

“भिंत चालतेय,” तो म्हणाला.

सगळे त्याच्या पडद्यामागं जमले. लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूंना माझी भिंत. आणि खरंच, दूरच्या टोकाला ती हलत होती. वळवळत होती. टेस्टर एक पाऊल पुढं गेला की वळवळ एक पाऊल मागं सरकायची. मॅडमनी माउस हातात घेतला, भिंतीजवळ गेल्या, आणखी जवळ गेल्या.

पोपड्याच्या कडेला, बोटाच्या पेराएवढी, एक गुलाबी अळी होती.

देवाशप्पथ, मला आठवत नव्हतं मी ती कधी काढली. बाबांच्या हाताखाली लागलेली सवय, भिंत पुरी झाली की शेवटचा ब्रश गुलाबी. हातानं काढली आणि मला सांगितलं नाही. टाइलमध्ये ती एकच होती. पण टाइल हजारदा लागली होती, म्हणून अळ्याही हजार. प्रत्येक हातभरावर एक, त्याच जागी, त्याच वळणाची. इतके बारीक ठिपके लांबून पडद्यावर लुकलुकतात. आमच्या धंद्यात त्यावर उपाय असतो, तो त्या दिवशी बंद होता. मला हे सगळं माहीत होतं. तरी मानेवरून काहीतरी सरकल्यासारखं वाटून मी हात फिरवला. बघतो तर बाजूचे दोघंतिघं तेच करत होते.

मॅडमनी मला खोलीत बोलावलं. “हे काय आहे?”

“अळी, मॅडम.”

“ते दिसलं. आली कुठून?”

“आमच्याकडून.”

मग सगळं सांगितलं. खाका, बोंड, तीन गावांचा चकवा, भिंत ओळखू यावी म्हणून बाबांनी काढलेली अळी. म्हातारीचं तेवढं सांगितलं नाही. नोकरी पक्की नसलेल्या माणसानं भुतं जपून वापरावीत.

त्या हसतील असं वाटलं होतं. त्या विचार करत होत्या. “वडिलांची अळी प्रत्येक भिंतीवर वेगळ्या जागी असायची?”

“हो.”

“आणि तुमची?”

“एकाच जागी,” मी म्हटलं.

“तुम्ही खूण नाही केलीत, काका,” त्या म्हणाल्या. “तुम्ही चकवा केलात. म्हणून टेस्टर बाहेर पडू शकला नाही.” मग आवाज जरा खाली आणून, “शुक्रवारी गिऱ्हाइकाला दाखवायचं आहे. त्याआधी दुपारी तो पुन्हा आत जाईल. पंधरा मिनिटांत बाहेर आला तर ठीक. नाही आला तर हे काम दुसऱ्याकडं जाईल, आणि तुमच्यासाठी मला काही करता येणार नाही.”

चौतीस वर्षांचा माणूस. परत जायला दुकान नाही. भिंत रंगवण्याचा धंदा नाही. मी खुर्चीवर बसलो आणि टाइलमधली अळी पुसली. एक घासली आणि हजार गेल्या, निमिषात, अख्खं गोदाम साफ. आता बोळ मोजून, प्रत्येक वळणावर एकेक अळी हातानं लावायची होती. कुठं पोपड्यावर, कुठं खिळ्याशी, कुठं छताजवळ, प्रत्येक वेगळी. एकसष्ट वळणं होती. तीच माझी नोकरी होती.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत बाबांचा फोन आला. मी जिन्यात गेलो.

“अळी आली,” बाबा म्हणाले.

“तुम्हाले कोनं सांगतलं?”

“कोन सांगाचं? बोंड फोडलं की अंदर बसेल हाय. साऱ्या वावरायले लागली. वरून बोंड चांगलं दिसते, अंदर काहीच नाही.”

मी काय विचारणार ते मला विचारायच्या आधी कळलं होतं. “कोण्या रंगाची?”

जिन्यात पंख्याचा आवाज येत होता. “गुलाबी,” बाबा म्हणाले.

त्या वर्षीची गुलाबी बोंडअळी तुम्ही वर्तमानपत्रात वाचली असेल. कृषी विभागाकडं तिची कारणं आहेत आणि ती खरीही आहेत. पण गावात लोकांना भिंत आठवली. ज्या बियाण्यावर अळी येणारच नव्हती त्यावर पंधरा वर्षांपूर्वी पेंटरनं अळी काढली होती, आणि तीही गुलाबीच. कोणी खुरप्यानं भिंत खरवडली. धाडकडच्या एका गावात बायांनी भिंतीवरच्या अळीला हळदकुंकू वाहिलं, पुढ्यात नारळ फोडला आणि हात जोडून म्हणाल्या, आली तशी जाय.

“माह्याकडं लोक कसे पाह्यतात, काय सांगू तुले,” बाबा म्हणाले. “भांडत कोनीच नाही. चहाच्या हॉटेलात जागा देतात. ते भांडले असते तं बरं झालं असतं.” मग म्हणाले, “म्या ठरवलं. साऱ्या भिंतीवरच्या पुसतो. जितक्या ध्यानात हायेत तितक्या.”

“एकटे? उन्हात?”

“मंग? काढल्या कोनं?”

मी माझं सांगितलं. अळीचं, हजार अळ्यांचं, शुक्रवारचं.

“म्हंजे तू लावून राह्यला अन् मी पुसून राह्यलो,” ते म्हणाले. “चांगला धंदा हाय बापलेकायचा.” मग एकदम, “तिथं एक पुसली का साऱ्या जातात म्हणे?”

“हाव.”

“मंग ये ना बे इकडं. कपाशीत मांड तुह्यावाला कम्प्युटर.”

दोघंही हसलो. मग दोघंही एकदमच थांबलो.

बुधवार आणि गुरुवार असेच गेले. दर दोन-तीन तासांनी फोन यायचा. अमुक गावची पुसली, देठापाशी होती, सापडत नव्हती. मी सांगायचो, बाविसाव्या वळणाची लावली, दाराच्या कडीवर. ते म्हणायचे, कडीवर नको, कडी हलते, चौकटीवर लाव. आणि मी चौकटीवर लावायचो. अठरा कोटींच्या गेमवर काम करणारे लोक आजूबाजूला बसलेले आणि माझा आर्ट डायरेक्टर अमडापूरचा, लुनावर.

शुक्रवारी एक वाजता टेस्टर खुर्चीवर बसला. मॅडमनी घड्याळ लावलं. मी मागं उभा होतो. तो बोळात शिरला. पहिल्या वळणाला उजवीकडं जायचं ते डावीकडं गेला. पुन्हा त्याच जागी आला. पोपड्यावरची अळी दिसली, थबकला, “हां, इथून गेलोय,” असं पुटपुटला आणि वळला. मग पुढं तो भिंती वाचत गेला. खिळ्याची अळी, चौकटीची अळी, तुटक्या पाइपावरची अळी. सात मिनिटं. नऊ. एकदा तो बोळाच्या मधोमध थांबला, काहीतरी पाहत राहिला, आणि खुर्चीवर अंग चोरून बसला. अकराव्या मिनिटाला दार उघडलं आणि पडद्यावर उजेड पसरला.

मॅडमनी घड्याळ बंद केलं.

टेस्टरनं हेडफोन काढले आणि मला म्हणाला, “काका, अळ्या मस्त. पण ती आजी काय बेक्कार केलीय! सांगायचं तरी.”

“कोणती आजी?”

“भिंतीला टेकून बसलेली. प्रत्येक बोळात आहे. काही करत नाही, नुसती बसते. मला वाटलं आता बोलणार.”

मी गोदामात कोणी माणूस ठेवलेला नव्हता. कोणाही म्हातारीचं कातडं मी सोललं नव्हतं. मॅडमनी पुन्हा बोळ उघडला. जवळून पाहिलं तर नुसती ओल. टाइलच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात मी हिरवट तपकिरी ओल चढवली होती, चढते तशीच. मग त्या दहा पावलं मागं आल्या.

गुडघे वर. पदर डोक्यावरून पुढं ओढलेला. एक हात जमिनीला. आणि बोळभर, दोन्ही बाजूंना, हातभर अंतरानं, तीच.

बाहेर रस्त्यावर भर दुपारी कोणीतरी पाव विकत चाललं होतं.

“काढायची का?” मी विचारलं.

मॅडम पडद्याकडंच पाहत होत्या. “गिऱ्हाइकानं ओल मागितली होती,” त्या हळूच म्हणाल्या. “ही ओल आहे.” मग पडद्यावरची खिडकी बंद केली, जरा घाईनंच. “सोमवारी येऊन पत्र घ्या, काका. कायमचं.”

मी जिन्यात जाऊन बाबांना फोन लावला. ते कुठल्याशा हॉटेलात चहा पीत होते, ग्लासांचा आवाज येत होता. नोकरी पक्की झाली म्हटल्यावर ते म्हणाले, “बेस झालं, बेस झालं,” आणि हॉटेलवाल्याला ओरडून सांगितलं. मी विचारलं, अळ्या पुसून झाल्या का?

“ध्यानात होत्या तितक्या आज झाल्या. ते पिंपळगाव राजाच्या पल्ल्याडच्या तीन भिंतीही पाहून आलो. तिथं अळी नव्हतीच म्हणा, त्या पह्यल्या भिंती. पण गेलो.”

“बाबा, त्या भिंतींखाली म्हातारी बसायची.”

“कोनती म्हातारी? ओल हाय तिथं. तवाही होती. रंगच धरत नव्हता, म्हणून म्या खालचा कोपरा सोडून देल्ता.”

“बाबा, ती बोलली होती माझ्याशी.”

ग्लासांचा आवाज थांबला. ते उठून हॉटेलाबाहेर आले असावेत.

“काय बोल्ली?”

“कोणाचा तू, म्हणून विचारलं.”

“मंग तू काय सांगतलं?”

“तुमचं नाव.”

बाजूनं एखादी जीप गेल्याचा आवाज आला आणि विरला.

“मलेबी इचारलं आज, त्याच भिंतीपाशी. दिसलं कोनीच नाही,” ते म्हणाले. “म्या तुह्यं सांगतलं.”